मुक्ताबाईंनी पाळलेलं पथ्य

"आता हिचं पाणीच तेवढं बंद करायचं राहिलंय," बाहेरच्या रांगेत एक बाई म्हणाली. रांग हसली.

मी आत केसपेपर लिहीत होते. परभणीच्या एका हॉस्पिटलमध्ये स्किन ओपीडीत मी ज्युनिअर डॉक्टर आहे. मी कमी बोलते, त्यामुळे बाहेरचं पुष्कळ ऐकू येतं.

दोघी आत आल्या. बोलणारी होती ती जाऊ. पेशंट मुक्ताबाई, राणीसावरगावच्या, वय बत्तीस. आठ महिन्यांपासून अंगावर गांधी उठत होत्या. खाजतात, काही तासांत जिरतात, दुसरीकडे उठतात. लोक याला 'पित्त उठलं' म्हणतात. सहा आठवड्यांपेक्षा जास्त चाललं की आम्ही क्रॉनिक अर्टिकेरिया म्हणतो. बहुतेकांत कारण सापडत नाही. खाण्यात तर ते क्वचितच असतं. अँटिहिस्टामिनची गोळी रोज, नेमाने घेणं हा पहिला उपचार. हे मला परीक्षेपासून पाठ आहे.

महिन्यापूर्वी त्यांना मीच तपासलं होतं. पेपरवर अक्षर माझंच होतं. आज गांधी तेवढ्याच होत्या आणि वजन पाच किलोंनी कमी. गालाची हाडं वर आली होती. मी घाबरले. थायरॉइड, शुगर, छातीचा एक्स-रे असं लिहायला घेतलं.

"दसऱ्यानंतर तोडीला जायचंय मॅडम," जाऊ म्हणाली. "हिला उसाची मोळी तर सोडा, घागर उचलंना गेलीय. मुकादम हिला बघून नकोच म्हनंल."

"भूक लागते का?" मी विचारलं.

"लागती की. लय लागती," मुक्ताबाई म्हणाल्या.

"मग जेवण?"

"पथ्य करायलेय ना."

त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून चिठ्ठ्या काढल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. गावातल्या डॉक्टरांनी तूर आणि वांगं बंद केलं होतं. गंगाखेडच्या डॉक्टरांनी शेंगदाणे, गूळ, अंडी. एका वैद्यांनी दही, ताक, चिंच. शेवटच्या कागदावर जांभळा शिक्का होता: 'पथ्य: दूध, डाळी, पालेभाज्या, तेलकट, तिखट, आंबट वर्ज्य.'

तो आमच्या ओपीडीचा शिक्का. टेबलावर पॅडशेजारी पडलेला असतो. अर्टिकेरिया लिहिलं की खाली तो मारायचा. मी रोज मारते. त्यातला मजकूर मी पूर्ण वाचला तो त्या दिवशी, पहिल्यांदा.

"मग तुम्ही खाता काय?"

"ज्वारीची भाकर. मीठ."

"आणि?"

"पाणी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. जाऊकडे बघितलं. तिने मान हलवली. "पोरं म्हनत्यात, आई, एक घास कालवनाचा घे. घेत न्हाई. डॉक्टरनं लिहून दिलंय म्हनती."

"आणि गोळी? रोज घेता ना?"

"पंधरा दिस घेतली. कोरड्या भाकरीवर गोळी गरम पडती मॅडम. गरगरायलं. मग सोडली."

म्हणजे ज्याचा उपयोग नव्हता ते त्यांनी घट्ट धरलं होतं, आणि त्यापायी उपयोगाचं सुटलं होतं.

मी उठून शेजारच्या केबिनमध्ये सरांकडे गेले. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला.

"एवढं कोणी पाळतं का?"

"त्यांनी पाळलं, सर."

"तो शिक्का माझ्या आधीपासून आहे. पेशंट विचारतातच, पथ्य काय? काही नाही म्हटलं, तर डॉक्टरला येत नाही म्हणतात."

"पण सर, खाणं..."

"समजावून सांग. डाएट मॉडिफाय केलं म्हण. पण आपली मिस्टेक म्हणू नकोस. उद्या गोळीवरही विश्वास ठेवणार नाही ती."

सर वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. मी "येस सर" म्हणाले. मी नेहमी तेच म्हणते.

पुढे तपासण्या नॉर्मल आल्या. गोळी नियमित झाल्यावर गांधी कमी झाल्या. पूर्ण गेल्या नाहीत, पण वजन परत आलं आणि मुक्ताबाई तोडीला गेल्या. आम्ही पेशंटला औषध लागू पडलं का, ते विचारतो. आमचं सांगणं तो किती पाळतोय, ते विचारत नाही. कोणी पाळत नाही, असंच धरून चालतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी परत आले, तेव्हा मुक्ताबाई चिठ्ठ्या घडी करून पिशवीत ठेवत होत्या. मला बघून त्यांनी विचारलं, "मॅडम, अजून काय बंद करू?" त्या खरंच विचारत होत्या. बंद करायची त्यांची तयारी होती.

सरांनी सांगितलेलं वाक्य मी केबिनपासून इथपर्यंत घोकत आले होते. ते तोंडातून निघेना.

"काहीच बंद करायचं नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "चूक तुमची नाही, आमची आहे. हा शिक्का मीच मारला होता. घरी जा आणि पोटभर जेवा."