रोबोटची बैलजोडी

आमच्या शाळेच्या रोबोट खोलीत रोबोट कसेबसे दोन झाले, किस्से मात्र रोज एक! झिजलेला स्क्रू फेकून देता येतो. किस्सा कुठं फेकणार?

*

नव्वदच्या पुढची गोष्ट. कुंडलजवळच्या शाळेत मी नवा मास्तर. हेडसरांचा टेपरेकॉर्डर दुरुस्त केला, ही माझी चूक!

सर म्हणाले, "सांगलीत विज्ञान प्रदर्शन हाय. पोरांकडनं रोबोट करून घ्या."

"सर, मी रोबोट बघितला बी न्हाई."

"बरंच हाय की! चुकला तरी तुमास्नी कळणार न्हाई."

झालो कोच.

*

टीममध्ये चार पोरं आणि आठवीतली मंगल. तिचे आबा मेंढरं राखायचे. पहिल्याच दिवशी दारात उभं राहून ते म्हणाले, "सर, प्रदर्शन हुंद्या. मग आमी कळप घिऊन निघणार, पोरगी बी संगं येणार. शाळा बास. मेंढरं राखाय माणूस न्हाई."

 त्या दिवसापासून मंगल स्क्रू लय हळू पिळायला लागली.

*

तेलाचा डबा, टेपच्या मोटरी, डोळ्यांना टॉर्चचे बल्ब. झाला रोबोट! हेडसर बघायला आले. मी टेबलाखाली दडून घोगऱ्या आवाजात म्हणालो, "नमस्कार, हेडसर."

सर खाली वाकले. माझ्याकडं नीट बघितलं. "आवाज तुमच्यागत येतोय."

"मीच शिकिवलंय न्हवं!"

*

प्रदर्शनात दहा फूट सरळ चालायची अट. आमचा रोबोट तिसऱ्या फुटाला डावीकडं वळून भिंतीला डोकं टेकायचा. आठ दिवस खोलला, जोडला. तरी भिंतच! शेवटी वैतागून दुसरा केला.

तो उजवीकडं!

मी डोकं धरून बसलो. मंगल म्हणाली, "सर, एक डाव्या अंगाचा, एक उजव्या अंगाचा. जुंपा की!"

फूटपट्टीचं जू केलं, दोन्ही डबे सुतळीनं बांधले. जोडी सरळ दारातनं बाहेर!

*

सांगलीत परीक्षकांनी चष्मा वर केला. "एक रोबोट पुरत नाही का?"

मंगल म्हणाली, "आवं, एकटा बैल नांगर वढतो व्हय?"

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं, मग खोडलं, मग दहा फूट जोडीच्या मागं मागं स्वतःच चालत गेले. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं!

*

आबा सांगलीला आले होते.  परतताना टेम्पोत गार वारा लागायला लागला. आबांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि दोन्ही रोबोटांवर नीट पांघरलं.

मी म्हणालो, "आबा, त्यास्नी थंडी वाजत न्हाई."

"तुमी इचारलंय का त्यास्नी?"



शाळा आली. मंगल एकेक स्क्रू बघत जोडी उतरवत होती, नेहमीसारखी हळूहळू. आबांनी घोंगडं झटकलं, पुन्हा खांद्यावर टाकलं.

"मंगे, उद्या आमी निघतोय. तू हितंच गावात आजीपाशी ऱ्हा."

"आन् मेंढरं?"

"मेंढरांचं बघतो मी. ह्या जित्राबास्नी राखाय माणूस नगं व्हय?"