नरसम्माचा पंप

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. तो गेल्यावर सांगायला कुणी उरलंच नाही, अशी सोयीस्कर समजूत करून घेतली. आज तुम्हाला सांगते — मधेच अडखळले तर थांबू द्या.

सत्तरच्या दशकाची अखेर. सोलापुरात मी मेडिकलच्या मुलांना औषधशास्त्राचे प्रयोग शिकवायचे. दवाखाना कधी चालवला नाही, पण दारावर नावाआधी डॉक्टर लिहिलेलं — गल्लीला तेवढं पुरे. शेजारी विणकराचं घर. नवरा मागावर, बायको नरसम्मा दिवसभर त्याच्यासाठी कांड्यांवर सूत भरायची. सुताच्या धुळीनं तिला दमा जडला होता. तिच्या डॉक्टरांनी तोंडात फवारायचा पंप दिला. किती वेळा घ्यायचा, असं तिनं मला विचारलं. मी भाजी निवडत होते. "लागेल तेव्हा घे की," म्हणून मोकळी झाले. डॉक्टरांनी काय बजावलंय, एवढं तरी विचारावं? नाही विचारलं. आगाऊपणा — दुसरं काय?

ती घेत राहिली, उठता-बसता. आणि पंप लागू पडेना.

आता खरं सांगते. त्याचं कारण मला ठाऊक होतं — त्याच आठवड्यात मी ते शिकवलं होतं! गिनीपिगच्या श्वासनलिकेची चकती कोमट द्रावात टांगायची. पंपातल्यासारखंच औषध टाकलं की ती सैल पडते, तिला जोडलेल्या काडीची काजळीच्या कागदावर रेघ उमटते. दर मात्रेनंतर ती धुवायची, तिला विसावा द्यायचा. एका गटानं घाईत न धुताच मात्रेवर मात्रा ओतली. रेघ हलेना. मुलं म्हणाली, औषध शिळं. मी तोऱ्यात समजावलं — औषधाची हाक पेशीवरचे रिसेप्टर झेलतात. हाक थांबेचना, तर पेशी त्यांचा आतल्या यंत्रणेशी असलेला धागा तोडते, काहींना आतच ओढून घेते. पेशी स्वतःला सांभाळते, लबाडी करत नाही. किती छान बोलले मी तेव्हा!

रविवारी तिचा नवरा आणि सासू नरसम्माला घेऊन आले. काम टाळायला ती सोंग करते, असा सासूचा संशय.

"पंप चांगला हाय का न्हाय, तेवडं सांगा बाई," नवरा म्हणाला.

नरसम्मा उंबऱ्याशी धापा टाकत बसलेली. माझा सल्ला आता ही सांगणार, अशी मला धास्ती. ती एक अक्षर बोलली नाही. आणि मी बोलले, "पंप उत्तम आहे. हिच्या मनाचे खेळ आहेत."

आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या — एवढंच म्हणायचं होतं ना? नाही म्हटलं.

मग पंप हवा कशाला, म्हणत त्यांनी तो काढून घेतला, तिला पुन्हा कांड्यांपुढे बसवलं. दुपारी ओठ निळे पडले, तेव्हा गल्लीतल्यांनी टांग्यात घालून नेली. वाचली. पण सोंगाडी हे नाव चिकटलं ते चिकटलंच. महिन्याभरात तिला माहेरी धाडायचं ठरलं. तेव्हा तरी मी तोंड उघडलं का? भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

निघताना ती माझ्या पाया पडायला आली.

"अक्का, तुमी बोल्ला ते खरं हाय. माज्या मनातच खोट हाय. दम लागला की मीच मला शिव्या देते."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुखी राहा."