मामीचे सुटे भाग

मी माझ्या मामीचे सुटे भाग केले, तेव्हा ती कणकवलीला लग्नाला गेली होती.

मुलुंडला आमच्या तिसऱ्या मजल्यावर तिची लाडकी मांजर चिंगी खिडकीतून निघून छज्ज्यावर जाऊन बसली. छज्जा संपला की डायरेक्ट पार्किंग! ती येते फक्त मामीच्या हाकेला. आणि मामीला फोन करून हे सांगायचं म्हणजे मांजरीआधी मीच खाली!

पण मी नकलाकार माणूस! कुडाळला हेडसरांच्या आवाजात अख्ख्या शाळेला सुट्टी दिलीय मी. तिथलेच विज्ञानाचे सर सांगायचे, "गोष्ट कळत नाही? तिचे भाग पाडा!" पाडले. आधी जिभेचं टक्‌टक्‌. मग नाकातला सूर. मग, "चिंगे, ये गो बाय!"

चिंगीने शेपटी चाटली.

"आवाज झकास रे," समोरच्या खिडकीतून कांबळेकाकू म्हणाल्या, "पण बांगड्या कुठायत?"

बांगड्या घातल्या. (काकूंच्याच. हात अर्धा सोलला!) पुन्हा हाक. चिंगी एक पाऊल मागे!

"मामीचा तो फुलाफुलांचा गाऊन घाल ना."

"काकू, मी मुलगा आहे!"

"ते तिला कळलंय, म्हणून तर येत नाहीये!"

गाऊन घातला. हातात सुका बोंबील धरला. आता आवाज, बांगड्या, गाऊन, वास, सगळे भाग जागेवर. फक्त मामी नाही! चिंगी मागे सरकत पार टोकाला. एक पंजा हवेत! खाली वॉचमन चादर ताणून उभा. माझी तर पार वाट लागली.

तेवढ्यात दार उघडून मामा आला. बूट घालून थेट हॉलमध्ये! सकाळीच लादी पुसली होती मी. डोकंच फिरलं.

"अहो! बूट बाहेर काढा! लादी पुसायला तुमची आई येणारे का?" (त्याची आई म्हणजे माझी आजी. पण तेव्हा मी मी नव्हतोच!)

मामाने वर बघितलंसुद्धा नाही. "सॉरी गं," म्हणत बूट काढले. आणि चिंगी? टुणकन खिडकीत, तिथून थेट माझ्या कुशीत!

जिंकलो! काकूंनी शिट्टी मारली, वॉचमनने चादर हवेत उडवली. सरांचं अर्धंच बरोबर होतं यार. मामीचे कितीही भाग पाडा, सगळ्यात महत्त्वाचा भाग मामीत सापडतच नाही. तो मामात असतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाला, "अगं, चहा टाक जरा."

मी निमूट टाकला. वर पुटपुटलोसुद्धा, "या घरात माझी कुणाला कदरच नाही!"