आधी गिऱ्हाईक, मग रंग

काम जवळपास पुरं करून ऐन शेवटाला थांबण्यात आमच्या शेजारच्या काकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. त्यांना आळशी मात्र कुणी म्हणू नये. शहागंजात त्यांचं झेंडे, फेटे आणि उपरण्यांचं दुकान आहे. आत पाऊल टाकलं की फळ्यांवर सगळं पांढरं. कापड बेतलेलं, कडा शिवलेल्या, फक्त रंग नाही. कुठल्या मिरवणुकीला किती गर्दी होईल आणि कुठला पुढारी सकाळी कुठल्या पक्षात उठेल, हे आधी कोण सांगणार? म्हणून आधी गिऱ्हाईक, मग रंग. "कापूस पांढराच उगवतो," काका म्हणतात, "त्याला घाई नाय, तर आपल्याला कशाला?" एका निवडणुकीत समोरच्या दुकानदारानं उपरण्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे आधीच रंगवून ठेवले आणि ऐन वेळी उमेदवारानं पक्ष बदलला. कार्यकर्ते धावत काकांकडं आले. संध्याकाळच्या सभेला नव्या रंगाची उपरणी त्यांच्या गळ्यात होती. समोरचा माल पुढं कितीतरी दिवस गॅरेजांत गाड्या पुसत होता.

हे शहाणपण दुकानातच राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण काकांच्या घरी चहासुद्धा बिनसाखरेचा उकळतो. पाहुणा टेकला, त्याच्या तब्येतीची चौकशी झाली, की मग साखर. पोहे भिजवलेले असतात, फोडणी मात्र तो तिखट खातो की नाही हे कळल्यावर. माझ्या लग्नात फेट्याची जबाबदारी काकांनी हौसेनं घेतली. नवरीच्या शालूचा नेमका रंग बघितल्याशिवाय ते फेटा रंगवायला तयार होईनात. तो त्यांनी लग्नाच्या दिवशी सकाळी बघितला. रंग हुबेहूब जुळला, पण फेटा ओलाच होता. लग्नाच्या प्रत्येक फोटोत माझं कपाळ, नाक आणि एक कान शालूला मॅचिंग आहे. बायको अजून अल्बम काढला की आधी हसून घेते.

हर्सूलला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मुलगा पुण्यात नोकरीला. इकडं वाळूजच्या कारखान्यांत काम बघतो, असं तो बरीच वर्षं म्हणतोय. त्याच्यासाठी काकांनी वरचा मजला चढवला. बाहेरच्या भिंती झाल्या, स्लॅब पडला, आणि तिथंच थांबले. खोल्या दोन हव्यात की तीन, स्वयंपाक वेगळा की एकत्र, हे मुलानं सांगितलं की आतल्या भिंती घालू. तोवर वर दोऱ्या बांधून उपरणी वाळत पडायची. मुलगा दिवाळीला बायको-मुलीसह यायचा, खालच्या बैठकीत गाद्या टाकून झोपायचा आणि भाऊबीज उरकली की निघायचा.

गेल्या दिवाळीत त्यांना बसस्टँडवर सोडून काका आणि मी परत आलो. काकू गाद्यांच्या घड्या घालत होत्या. मान वर न करता काकांना म्हणाल्या, "उपरण्याचं ठीक हाय. गिऱ्हाईक मागतंय, मग तुम्ही रंगवता. पोरगं मागत नसतंय. खोली दिसली तर त्याला राहावं वाटंल."

आठवडाभरात दोऱ्या खाली अंगणात आल्या आणि वर गवंडी लागले. खोल्या किती, हे काकांनी कुणाला विचारलं नाही. रंगही स्वतःच ठरवला, फिकट निळा, कारण नातीचा दिवाळीचा फ्रॉक तसा होता. आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं मागणीच्या आधी रंग लावला.

परवा मला वर घेऊन गेले. निळ्या भिंती, नातीच्या उंचीला लावलेली एक खुंटी, कोरा पलंग. मुलाचं काही ठरलं का, असं मी विचारलं.

"नाय अजून," काका म्हणाले. धूळ बसलेली नसतानाही त्यांनी पलंग उपरण्यानं पुसला. मग ते खिडकीशी जाऊन उभे राहिले, आणि जन्मभर ज्याला हसले त्या समोरच्या दुकानदाराची आठवण काढून हळूच म्हणाले, "तयार माल ठेवून त्याला झोप कशी लागत असंल रे?"