मास्तरांचा सत्कार

आम्ही पहिला सूर वाजवायच्या आधीच मास्तर आम्हाला थांबवत. चाळीस माणसं आपापली वाद्यं सरसावून बसलेली, मास्तरांचा हात वर गेलेला, आणि खाली यायच्या ऐवजी तो तिथेच थांबे. "नाही," ते म्हणत, "श्वास चुकला." अजून आवाजच निघाला नाही तर चुकलं काय, हे पहिले सहा महिने मला कळलं नाही. गाणाऱ्याने श्वास सांभाळावा, बासरीवाल्याने सांभाळावा. व्हायोलिनचा गज ओढणाऱ्याचा श्वासाशी काय संबंध? पण चाळीस माणसं एकत्र श्वास घेत नसतील तर एकत्र वाजवणार कशी, असं मास्तरांचं म्हणणं. एका रविवारी त्यांनी आम्हाला पाऊण तास नुसता श्वास घ्यायला लावला. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "आज काय प्रॅक्टिस केलीत?" खरं सांगायची मला लाज वाटली.

मास्तर फ्रेंच होते. बाकीचे त्यांना 'मेस्त्रो' म्हणत. मी मनात मास्तरच म्हणत असे, कारण नागपूरला धरमपेठेत ज्यांच्याकडे मी व्हायोलिन शिकलो तेही मास्तरच होते आणि तेही कधी खूश होत नसत. आमचा हौशी ऑर्केस्ट्रा अमेरिकेतल्या शॉमबर्गमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी जमे. दोन डेंटिस्ट, एक निवृत्त पोस्टमन, बऱ्याच शिक्षिका आणि सॉफ्टवेअरवाला मी. माझी जागा दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत. ऑर्केस्ट्रात गाण्याची मुख्य चाल बहुधा पहिल्या व्हायोलिनवाल्यांकडे असते, आणि दुसऱ्यांनी मागून त्यांच्या होला हो मिळवायचा असतो. मास्तर कोणालाच नावाने हाक मारत नसत. माझं बारसं त्यांनी 'शेवटची खुर्ची' असं केलं होतं आणि ते मी निमूटपणे स्वीकारलं होतं.

माझ्यात एक जन्मखोड होती. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना माझं बोट तारेवरून घसरत जाई. आपल्याकडे त्याला मींड म्हणतात आणि ती चांगली आली की लोक माना डोलावतात. इथे अकरा जण सरळ पायरीपायरीने चढताहेत आणि बारावा कठड्यावरून घसरगुंडी करतोय, असा प्रकार होई. मास्तरांनी पहिल्याच दिवशी मला पकडलं. "शेवटची खुर्ची, दोन सुरांच्या मध्ये तू काय करतोस?" मी मींड समजावून सांगितली, वर थोडी वाजवूनही दाखवली. त्यांनी डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकली. "सुंदर आहे," ते म्हणाले. "घरी कर."

त्यांनी ऑर्केस्ट्राची स्तुती केलेली मी एकूण तीनदा ऐकली. तिन्ही वेळा वाक्य एकच होतं. कॉन्सर्ट संपल्यावर घाम पुसत ते म्हणत, "आज कोणी मेलं नाही." मग आमची चेअरमन, म्हणजे ओबो हे सनईसारखं वाद्य वाजवणारी डेंटिस्ट, आनंदाने डोळे पुसत असे.

मास्तरांनी ड्रायव्हिंग सोडलं होतं आणि त्यांचं घर माझ्या वाटेवर होतं, त्यामुळे रविवारची राइड माझ्याकडे आली. गाडीतही त्यांची शिकवणी चालूच. "तुझा वायपर आणि तुझा इंडिकेटर एका लयीत नाहीत," असं ते गंभीरपणे सांगत. जणू ते माझ्या हातात होतं. त्यांची सगळी कारकीर्द मी अशीच, सिग्नलवर थांबता थांबता, तुकड्यातुकड्यांनी ऐकली. वडील एका लहान गावात घड्याळं दुरुस्त करत. चर्चमधल्या ऑर्गनवाल्याने पोराच्या हातात व्हायोलिन दिलं. मग पॅरिसला शिक्षण, पंचविशीच्या आत एका मोठ्या ऑर्केस्ट्राची पहिली खुर्ची, देशोदेशीचे दौरे. अमेरिकेला एका सीझनपुरते आले आणि राहिले. मग डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हळूहळू तळव्याकडे वळायला लागलं. दोन ऑपरेशनं झाली, पण बोटं काही ऐकेनात. तेव्हा मास्तरांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि हातात कंडक्टरची काठी घेतली. आधी मोठ्या शहरांत कंडक्टरचे मदतनीस, मग लहान शहरांत कंडक्टर, मग आम्ही. "वर जाताना जिना होता," ते म्हणाले, "उतरताना लिफ्ट मिळाली."

ती व्हायोलिनची पेटी मात्र दर रविवारी त्यांच्याबरोबर असे. मागच्या सीटवर तिला सीटबेल्ट लावावा लागे. हॉलमध्ये ती त्यांच्या पायाशी पडून राही. ती उघडलेली आम्ही कोणी पाहिली नव्हती. एकदा धीर करून मी विचारलं, मग आणता कशाला? "तिला घरी एकटं ठेवत नाही मी," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. मराठी माणूस अमेरिकेत कुठल्याही संस्थेत शिरला की दोन वर्षांत तिचा सेक्रेटरी होतो. मीही झालो. मास्तरांना पंचाहत्तर पूर्ण होणार असं कळलं आणि माझ्यातला मंडळाचा कार्यकर्ता जागा झाला. वसंतातल्या कॉन्सर्टनंतर स्टेजवर सत्कार करायचं मी ठरवलं. कोणाला तरी द्यायला होईल म्हणून पुण्याहून आणलेली मोरपंखी शाल कपाटात होतीच. नारळ इंडियन स्टोअरमधून आणला. मानपत्र मी स्वतः लिहिलं, इंग्रजीत, पण आपल्या मानपत्रांच्या पद्धतीने. त्यांनी आयुष्यभर संगीताची सेवा केली. ते चंदनासारखे झिजले. त्यांच्या ऋणातून आम्ही कधीच उतराई होणार नाही. वाचताना माझाच आवाज भरून आला. प्रेक्षक उभे राहिले. मास्तर खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन आमच्याकडे एकेक करून बघत राहिले. मग आभाराचं फ्रेंच "मर्सी" एवढंच म्हणून पेटी उचलून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कमिटीला त्यांची ईमेल आली. 'तुमचा निरोप पोचला. तुम्ही तो फार प्रेमाने दिलात, त्याबद्दल आभार. पुढच्या सीझनसाठी दुसरा माणूस शोधावा.'

मी ती बायकोला वाचून दाखवली. बायको म्हणाली, "अरे, सगळं पास्ट टेन्समध्ये होतं. वर अंगावर शाल घातलीस, हातात नारळ दिलास. तू त्यांना रिटायर करून टाकलंस यार." मुलगी फोनमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, इट साउंडेड लाइक अ फ्युनरल." त्यात भर म्हणजे 'यंगर कोणीतरी बघू या' असा विषय कमिटीतल्या दोघांनी हिवाळ्यात काढला होता आणि तो मास्तरांच्या कानावर गेला होता. म्हणजे त्यांना जी भीती होती, तिच्यावर मी शालीसकट शिक्कामोर्तब केलं होतं. हा ऑर्केस्ट्रा गेला तर त्या माणसाकडे काय उरणार होतं? एक बंद पेटी. त्या आठवड्यात मला धड जेवण गेलं नाही.

चेअरमन म्हणाली, "तू केलंस, तूच निस्तर." शनिवारी सकाळी मी त्यांच्या दाराशी उभा राहिलो. मास्तरांनी आत घेतलं. टेबलावर नारळ होता आणि त्याच्या डोळ्यात वाइनच्या बाटलीचं बूच काढायचा स्क्रू आरपार घुसवलेला होता. "पाणी बरं होतं," ते म्हणाले. "पण पुढे कसं जायचं ते कळेना."

मी तो नारळ मागच्या पायरीवर फोडला. खोबऱ्याचा तुकडा चावत ते शांतपणे म्हणाले, "चंदन झिजतं असं तू म्हणालास. मी किती झिजलोय, ते मला माहीत आहे. चाळीस माणसांसमोर सांगायची गरज नव्हती." मी आयुष्यात इतकी माफी कोणाची मागितली नसेल. मग मी त्यांना सत्कार म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो. आमच्याकडे सत्कार झाला म्हणून कोणी घरी बसत नाही, उलट त्याला चेव येतो. साठीला सत्कार, पंचाहत्तरीला सत्कार, आणि माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या की ऐंशीच्या पुढे सहस्रचंद्रदर्शन.

"हजार?" मास्तर चावायचे थांबले. "ते मोजतं कोण?"

"घरचे मोजतात," मी म्हणालो. "तुमच्या आम्ही मोजू."

ते पुन्हा चावायला लागले. मग उरलेलं खोबरं त्यांनी नीट कागदात बांधलं. दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला गाडी नेली तेव्हा ते पेटी घेऊन फूटपाथवर उभे होते. हॉलमध्ये त्यांनी हात वर केला. आम्ही चाळीस जणांनी इतका मन लावून श्वास घेतला, की खरंतर तो चुकायला नको होता. "नाही," मास्तर म्हणाले. ओबोवाली रडायलाच लागली. त्या 'नाही'ने मला जेवढा आनंद झाला, तेवढा माझ्या ग्रीन कार्डाने झाला नव्हता.

त्यानंतर चार वर्षं त्यांनी आम्हाला छळलं. यंगर कोणीतरी हा विषय पुन्हा निघाला नाही. दर पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी गाडीत बसता बसता ते मला किती बाकी ते विचारत आणि मी फोनमध्ये बघून सांगत असे. पण गुडघे गेले, एकट्याने राहणं जमेना, आणि शेवटी बहिणीने त्यांना फ्रान्सला बोलावून घेतलं. तेव्हा वीस पौर्णिमा उरल्या होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. सामान गेलेलं होतं. दोन खुर्च्या आणि पेटी एवढंच उरलं होतं. त्यांनी ती माझ्यासमोर उघडली. आत व्हायोलिनवर माझी मोरपंखी शाल नीट घडी करून पांघरलेली होती. ती बाजूला करून त्यांनी व्हायोलिन खांद्याला लावलं, सूर जुळवले आणि श्वास घेतला. तो चुकला नाही.

एक लहानशी, त्यांच्या गावाकडची चाल असावी. वळलेली दोन बोटं तारेपर्यंत पोचत नव्हती. उरलेल्या दोनच बोटांवर सगळा भार होता, आणि जिथे बोट पोचत नव्हतं तिथे मास्तर एका सुरावरून दुसऱ्यावर सरळ घसरत जात होते. ती मींडच होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी मी त्यांच्याकडे, चोर पकडल्यासारखा, बघत होतो. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी चाल पूर्ण केली, गज खाली घेतला आणि रिकाम्या खोलीकडे हात केला.

"हे घर आहे," मास्तर म्हणाले. "घरी चालतं."