चहा संपेपर्यंत हात लावायचा नाही

यंदा २००६ साल, मला त्रेसष्ट पुरी झाली. महिन्यापूर्वी आळेफाट्याला माझ्या गॅरेजचं शटर ओढत होतो, तेव्हा शेजारच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून बाबूशेठचा थोरला मुलगा आला. म्हणाला, "नाना, दादा गेले." मी शटर अर्ध्यावर धरून उभा राहिलो... मला जमणाऱ्या कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या सरत आलेल्या, घरचे सगळे गॅरेज बंद करा म्हणत होते. "उघडं ठेव" म्हणणारा एकटा शेठ होता. तोच गेला.

शेठचं घराणं मूळचं मारवाडातलं, पण जन्म त्याचा इथलाच, आणि टोमणे मारायला आमच्यापेक्षा तयार. मी चौथीत शाळा सोडली, पण स्टार्टर मारला की कानानं दोष सांगायचो. मग कॉम्प्युटरच्या गाड्या आल्या. तीन-चार वर्षांपूर्वी अवसरीच्या पावण्यांची अशीच एक गाडी पेट्रोल लई खायला लागली. रात्री त्यांनी ती दारात लावून ठेवली, सकाळी मी सुरू केली, ऐकली, म्हणालो, "काही झालं नाही हिला." आठ दिवसांत पावणं परत दारात, गाडी पुन्हा रात्रभर माझ्याकडं. शेठ नुकताच पुण्याला गाडीच्या कंपनीच्या ट्रेनिंगला जाऊन आला होता. मी गेलो नव्हतो. शाळा एकदा सोडली ती सोडली. सकाळी मी गाडी सुरू केली, तसा शेठ दोन चहा घेऊन आला. "गाडी चालू राहू दे. चहा संपेपर्यंत हात लावायचा न्हाई."

"का, मुहूर्त हाय का?"

"थंड असताना हिचा कॉम्प्युटर नुसतं पाठांतर म्हणतो. ठरल्या मापानं पेट्रोल. धुराच्या पाइपात सेन्सर हाय, तो धूर हुंगून जास्त झालं का कमी ते सांगतो. पण इंजिन आणि सेन्सर दोघं तापल्याशिवाय कॉम्प्युटर त्याचं ऐकत न्हाई. तुझं उलटं. तू तापलास की ऐकायचं बंद."

मी चहा पीत राहिलो. ग्लास तळाला गेला, तसा इंजिनचा सूर जड झाला, मागून पेट्रोलचा वास आला. सेन्सर चुकीचं सांगत होता आणि कॉम्प्युटर इमानानं ओतत होता. नवा सेन्सर घातला, गाडी सुधारली. माझे कान चुकले नव्हते, हे मी आजही म्हणतो. मी ऐकलं तेव्हा बिघाड बोलतच नव्हता. पुढं कॉम्प्युटरची प्रत्येक गाडी आम्ही तशीच बघितली, इंजिन चालू आणि हातात चहा. घाटात पाय पूर्ण दाबला की कॉम्प्युटर परत पाठांतरावर जातो, हेही त्यानंच सांगितलं. "चढ संपला की पुन्हा ऐकायला लागतो, नाना..."

शेठला स्मशानात पोचवून घरी आलो, तर पोरगा म्हणाला, "आता कुणासाठी उघडताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं. आहुप्याकडची एक गाडी दारात उभी. ड्रायव्हर म्हणाला, "नाना, बघा की लवकर." मी गाडी चालू केली, समोरच्या हॉटेलातून दोन चहा मागवले आणि एक त्याच्या हातात दिला.