रविवारची भिंत

चावीवाल्यांचं हाड मोडलं ते स्वतःच्याच कुलपापायी. या परक्या देशात चाळीस वर्षं लोकांची दारं उघडून दिली, आणि एक दिवस स्वतःच्या खोलीची किल्ली आत विसरून दार ओढून घेतलं. हत्यारांची पेटीही आतच. बरं, कोपऱ्यावर दुसरा एक चावीवाला बसतो. तरुण आहे, दोन मिनिटांत उघडून दिलं असतं त्याने. पण त्याला बोलावणं म्हणजे नाक कापून घेणं! मग हे बहात्तर वर्षांचे गृहस्थ माझ्या लाँड्रीतलं स्टूल न विचारता घेऊन गेले, जिन्यावरच्या खिडकीतून आत शिरायला लागले आणि धाडकन खाली आले. आवाज ऐकून मी इस्त्री तशीच टाकून धावले. गिऱ्हाइकाचा शर्ट जळला तो वेगळाच. तर पडल्या पडल्या हे मला म्हणतात कसे, "बाई, कुणाला सांगू नका."

कुणाला म्हणजे त्यांच्या बहिणीला. गावाकडे थोरली ताई आहे त्यांची, दर रविवारी तिच्याशी व्हिडिओवर बोलणं होतं. आणि ते बोलणं होतं माझ्या घरातून.

हे जरा सांगायला हवं. लाँड्रीच्या मागे माझी एकच खोली, पण तिची एक भिंत झकास आहे. फिकट पिवळा रंग, वर चित्र, खाली सोफा. सोफा एका गिऱ्हाइकाने शहर सोडताना मला देऊन टाकलेला. या इमारतीत आपली भाषा बोलणारे आम्ही चार-पाच जण, सगळे एकेका खोलीतले, आणि सगळ्यांनी घरी थापा मारलेल्या. म्हणून रविवारी पाळीपाळीने येऊन त्या भिंतीसमोर बसायचं. कोटसुद्धा एकच. कुणीतरी धुवायला टाकून परत न आलेला. वर तो कोट, खाली चट्ट्यापट्ट्याचा पायजमा, आणि तोंडाने "आमच्या हॉलमध्ये ऊन फार छान येतं." मी दाराआड इस्त्री करत ऐकायची आणि मनात म्हणायची, अरे लबाडांनो! पण भिंत कधी कुणाला नाकारली नाही. माझा गावाकडचा मुलगाही त्याच भिंतीला माझं घर समजतो.

तर हॉस्पिटल. खुब्याचं हाड, ऑपरेशन हवंच. विमा कंपनीने सत्तरी उलटताच हात वर केलेले. बिलाच्या खिडकीवरची मुलगी गोड हसून म्हणाली, सोमवारपर्यंत अर्धी रक्कम भरा, नाहीतर प्लास्टर घालून घरी न्या. मी विचारलं, "प्लास्टरने चालतील का?" ती म्हणाली, "या वयात अवघड आहे." तशीच हसत म्हणाली. एक ठेवून द्यावीशी वाटली मला.

आम्ही आमचे गल्ले झाडले. आमच्यातल्याच टॅक्सी ड्रायव्हरने टायरसाठी ठेवलेले दिले, मी माझ्या दातांसाठी ठेवलेले. सगळं मिळून सिंहाच्या जबड्यात शेंगदाणा.

"बहिणीला सांगा," मी म्हटलं. "गावच्या घरात तुमचा अर्धा हिस्सा आहे ना? त्यावर कर्ज काढू दे तिला."

"घराला हात लावायचा नाही," चावीवाले म्हणाले. पायाला वजन बांधून लोंबकळतायत, पण तोरा बघा! "शेवटी तिथेच जायचंय मला. पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसणार. आणि ताईला काय सांगू? माझी तीन दुकानं आहेत असं तिला वाटतं."

"तीन? जिन्याखालची एक टपरी!"

"हळू बोला. उद्या रविवार आहे. भिंत घेऊन या."

मी कपाळावर हात मारला. पण गेले हो! मी पिवळी चादर नेली, दोन उशा नेल्या, कोट नेला. ड्रायव्हरने चित्र काखेत मारलं. जनरल वॉर्डात वीस खाटा, एकोणीस जण आमच्याकडे बघतायत, आणि ड्रायव्हर चादरीची दोन टोकं हातात धरून खाटेमागे उभा. रुग्णाच्या अंगात कोट. मी फोन धरला, पाय दिसणार नाही असा.

ताई आल्या पडद्यावर. शहात्तरच्या असतील, पण बसल्या होत्या ऐटीत. मागे नेहमीचं काचेचं शोकेस, वर झुंबर.

"बाळ्या, आज झोपून का बोलतोस?"

"रविवार आहे ताई. आराम."

तेवढ्यात वॉर्डबॉय आला. त्याला आपली भाषा कुठली कळायला! त्याने सरळ बेडपॅन पुढे केलं, अगदी फोनसमोर.

"ते काय रे?" ताई म्हणाल्या.

"सूपचं भांडं," चावीवाले म्हणाले. "इकडे असलीच मिळतात."

ड्रायव्हरला हसू आवरेना. चादर हलली, एक टोक सुटलं आणि मागचे एकोणीस पेशंट ताईंना दिसले. सलाइनच्या नळ्यांसकट.

"हे कोण सगळे?"

"पाहुणे," हा माणूस म्हणाला. शप्पथ सांगते, डोळ्याची पापणी हलली नाही.

माझं डोकं फिरलं. फोन माझ्याकडे वळवला आणि तोंडाचा पट्टा सोडला. "ताई, मी लाँड्रीवाली. या माणसाकडे तीन दुकानं नाहीत, हॉल नाही, कोटही याचा नाही. खुबा मोडलाय. उद्यापर्यंत पैसे भरले नाहीत तर कायमचे खाटेवर पडतील. आणि ते सूपचं भांडं नाही!"

चावीवाल्यांनी कोटाच्या बाहीत तोंड लपवलं. मला वाटलं, ताई आता रडणार.

त्या म्हणाल्या, "त्याला दाखवा." मी फोन वळवला. "बाळ्या, वर बघ. हॉल नवा केलाय म्हणाले होते ना, हे शोकेस शेजारणीचं आहे. रविवारी तासभर मला तिच्या हॉलमध्ये बसू देते ती. घर विकून दोन वर्षं झाली."

"कुणाचं घर?"

"आपलं."

"विकलं? मला न विचारता?"

"तू घरपट्टीसाठी सही करून दिलेलं मुखत्यारपत्र होतं ना, त्यावरच विकलं. तुझ्या मेव्हण्यांच्या हॉस्पिटलचं बिल होतं."

"ते झोपेत गेले म्हणाली होतीस!"

"झोपेतच गेले. त्याआधी सव्वा वर्ष मशीनवर होते."

"मग कळवलं का नाही मला?"

"तू कळवलंस?"

मग जे भांडण जुंपलं ते विचारू नका. इतकी वर्षं गोड गोड बोलून साठलेलं सगळं दोघांनी बाहेर काढलं. तू खोटारडी, तू खोटारडा, आईची पितळेची घागर कुठे गेली, तुझ्या लग्नाला कुणी उधारी केली. ड्रायव्हर चित्र छातीशी धरून ऐकत होता. शेवटी ताईच दमल्या. म्हणाल्या, "तुझा अर्धा हिस्सा बँकेत आहे. एक पैसा हलवलेला नाही. तुझी भाची उद्या सकाळीच पाठवेल. चालायला लाग आधी, मग शिव्या दे." आणि फोन बंद केला.

मला तर नाचावंसं वाटलं. पैसे आले! पण चावीवाले तोंड भिंतीकडे करून पडले. चहाला हात लावला नाही. मग म्हणाले, "ऑपरेशन नको."

"काय?"

"घर मोडून पाय बसवायचा, आणि त्या पायाने जायचं कुठे? ती पुढची खोली दुसऱ्याची झाली, बाई. आता तिथे तिसराच कोणीतरी बसलेला असेल."

मग मात्र मी चिडले.

"कुठे म्हणजे? टपरीवर जा. जिन्यावरून जा-ये करा. सकाळी माझ्या दुकानात या आणि इस्त्री किती महाग झाली म्हणून माझ्याशी वाद घाला, रोज घालता तसा. पाच दिवस झाले, कुणी माझ्याशी भांडलेलं नाही. मला करमत नाही! ऐकू येतंय का?"

चावीवाल्यांनी मान वळवली.

"बोलवा त्या ऑपरेशनच्या डॉक्टरीणबाईंना," ते म्हणाले. "पण बोलणार मी. तुम्ही मध्ये तोंड घालायचं नाही."

मी नाही घातलं. घालायचं म्हटलं तरी जमलं नसतं, कारण मी रडत होते.